डोळे आपले, वही कुणाची?

(मेळघाटातल्या वनगावांच्या शिबिरात संघटनेच्या वतीनं झालेली मांडणी. टेपवरून उतरवली आहे. मध्ये आलेले प्रश्न जागच्या जागी ठेवले आहेत.)



काल दिवसभर आपण दाव्यांवर बोललो. कुणाचा दावा कुठं अडकला, कुणाच्या नकाशावर सही नाही, ते झालं. आज जनावरांवर बोलायचं आहे. सकाळी चहाच्या वेळी काही जण म्हणाले, जमिनीचं सोडून हे सांबर-चितळ कशाला काढलं? जनावरं मोजणं हे फॉरेस्टवाल्यांचं काम. त्यांना पगार मिळतो, त्यांना मोजू द्या.

आमचं म्हणणं असं आहे की हे जमिनीचंच काम आहे.

वनहक्क कायद्यात, म्हणजे 2006 च्या कायद्यात, कलम 4 चा दुसरा भाग आहे. अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात राहणाऱ्या लोकांचे हक्क बदलायचे असतील, त्यांना हलवायचं असेल, तर सरकारला आधी काय काय करावं लागेल ते तिथं लिहिलं आहे. पहिली अट, हक्क ठरवण्याचं काम आधी पुरं झालं पाहिजे. पुढची अट, माणसांच्या राहण्यामुळं किंवा वावरण्यामुळं जनावरांचं आणि त्यांच्या जागेचं भरून न निघणारं नुकसान होतं आहे, त्यांचं अस्तित्वच धोक्यात आहे, हे सरकारी यंत्रणेनं दाखवून दिलं पाहिजे. माणूस आणि जनावर एकत्र राहण्याचा दुसरा काही मार्ग उरला नाही, हेही ठरलं पाहिजे. आणि शेवटी ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे, तीसुद्धा सगळी माहिती दिल्यावर, मोकळेपणानं दिलेली. वाघांच्या कायद्यातही 2006 साली अशाच अटी घातल्या आहेत. 'कोअर' म्हणतात तो भाग आपल्या राज्यात डिसेंबर 2007 च्या अखेरीला जाहीर झाला. वनहक्काचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे घाई कशाची होती ते कळेल.

आता त्या दुसऱ्या अटीकडं परत या. नुकसान होतं आहे हे 'दाखवून दिलं पाहिजे'. कशावरून दाखवणार? आकड्यावरून. कुणाच्या आकड्यावरून? ज्याच्याकडं वही आहे त्याच्या. आज वही एकाच बाजूला आहे.

आणि त्यात गंमत अशी की आकडा कसाही आला तरी बोट आपल्याकडंच येतं. जनावरं कमी दिसली तर म्हणतात, या लोकांनी खाल्ली, यांच्या ढोरांनी चारा संपवला, यांना हलवा. जनावरं जास्त दिसली तर म्हणतात, वा, किती छान जंगल आहे, इथं माणूस नको, यांना हलवा. कमी दिसली तरी उठा, जास्त दिसली तरी उठा. (हशा.) हसायला ठीक आहे. पण बैठकीत साहेब कागद पुढं करतात आणि आपण फक्त 'असं नाही साहेब' एवढंच म्हणतो, तेव्हा हसू येत नाही. 'असं नाही' च्या पुढं 'मग कसं' हे सांगायला आपल्याकडं काहीतरी लिहिलेलं पाहिजे.

वाघ सगळ्यांना दिसतो. म्हणजे पेपरात दिसतो. पण वाघ कशावर जगतो? सांबर, चितळ, गवा, रानडुक्कर यांच्यावर. शास्त्रज्ञांनी कर्नाटकात नागरहोळेला वर्षानुवर्षं काम करून एक हिशेब बसवला आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. आणि कळप टिकायचा असेल तर दहातलं एक एवढंच मारलं गेलं तर चालतं. म्हणजे एका वाघामागं साधारण पाचशे खुरवाली जनावरं जंगलात चरत असली पाहिजेत. कुलामामाचं पोट हे असं मोठं आहे. म्हणून चारा खाणारी जनावरं मोजणं हे वाघ मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आम्हाला विचाराल तर जास्तच. सांबर कमी झालं तर वाघ उद्या जाणार हे आज कळतं. नुसता वाघ मोजत बसलात तर तो गेल्यावर कळतं.

राजस्थानात सारिस्का म्हणून अभयारण्य आहे, आपल्यासारखाच व्याघ्र प्रकल्प. 2004 साली तिथल्या कागदावर सोळा-अठरा वाघ होते. 2005 उजाडलं आणि कळलं की एकही नाही. देशभर बोभाटा झाला, दिल्लीत समिती बसली. तेव्हा ठरलं की पंजाचे ठसे काचेवर उतरवून मोजायची जुनी पद्धत बंद करायची. 2006 ला नव्या रीतीनं मोजणी झाली, आकडे 2008 ला आले. देशात वाघ 1411. आधीच्या ठशांच्या मोजणीत ते 3642 होते. पेपरांनी लिहिलं, निम्म्याहून जास्त वाघ मेले. काही मेलेही असतील, शिकार झालीच आहे. पण दोन आकडे दोन वेगळ्या रीतींनी काढलेले. पायलीनं मोजलेली ज्वारी आणि काट्यावर तोललेली ज्वारी, यांची वजाबाकी होत नाही. एवढं एक ध्यानात राहिलं तरी अर्धं शिबिर कामी आलं असं आम्ही धरू. कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, कसा मोजला?

मग बघू कसं मोजतात.

एक रीत तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. बुद्धपौर्णिमेची रात्र, पाणवठ्यावर मचाण. शहरातले लोक येतात, डबा आणतात, चांदण्यात चोवीस तास बसतात आणि आलेलं जनावर लिहितात. त्यांना जंगलाची ओढ लागते, ते चांगलंच आहे. पण त्या आकड्यावर फार भार टाकू नका. एक तर तेच सांबर संध्याकाळी येतं, पहाटे येतं, आणि वहीत दोन होतात. दुसरं, पाऊस चांगला झाला तर वैशाखातही नाल्यांत डोह राहतात, जनावरं पांगलेली राहतात, मचाणावर कमी दिसतात. दुष्काळात सगळे डोह आटले आणि दोनच पाणवठे राहिले तर सगळी जनावरं तिथंच गोळा होतात. त्या साली आकडा फुगतो. म्हणजे जंगलाची हालत वाईट आणि आकडा चांगला! सिपनेला, गडग्याला उन्हाळ्यात किती जागी पाणी आहे हे सोबत लिहिलं नसेल तर त्या रात्रीच्या मोजणीचा अर्थ लागत नाही.

दुसरी रीत लाईनीची. 2006 पासून ही सगळ्या देशात आहे, म्हणून नीट ऐका. प्रत्येक बीटात दोन किलोमीटरची एक सरळ लाईन आखायची. रस्त्यानं नाही, पायवाटेनं नाही, जंगलातून सरळ. तीन वेगवेगळ्या सकाळी, उजाडल्याबरोबर, ती लाईन चालायची. जे खुरवालं जनावर दिसेल ते लिहायचं: कोणतं, किती, किती लांब, कोणत्या कोनात. लाईनीवर दर 400 मीटरला थांबून झाडझाडोरा लिहायचा, आणि 2 मीटर रुंद 20 मीटर लांब पट्ट्यात लेंड्या मोजायच्या. मांसभक्षकांसाठी वेगळं चालणं असतं, पाच-पाच किलोमीटरचं, तीन वेळा. त्यात पंजे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे.

लांबी आणि कोन कशासाठी? कारण लाईनीला लागून जे आहे ते सगळं दिसतं, पण जसजसं लांब जावं तसं काही दिसतं, काही निसटतं. आपण बांबूच्या रांजीपलीकडचं भेकर बघूच शकत नाही. किती लांबवर किती कमी दिसत गेलं यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. हिशेब अवघड आहे, डेहराडूनला होतो. पण कल्पना अवघड नाही. गुराखी पोराला विचारा, डोंगराच्या उताराला ढोरं पांगली की तो दिसणाऱ्या ढोरांवरून न दिसणाऱ्यांचा अंदाज करतोच.

ही रीत चांगली आहे. आम्ही ती रीत वाईट म्हणत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. लाईनीवर पुढं कोण चालतं? आपलाच माणूस. वनमजूर, वाटाड्या, वॉचर. सांबराचा कान हललेला पहिल्यांदा त्याला दिसतो. लेंडी चितळाची की भेकराची ते तो सांगतो. आणि वहीत लिहितो दुसरा. त्या वहीची नक्कल गावात येत नाही. त्या बीटात तीन सकाळी काय दिसलं ते ग्रामसभेला कुणी वाचून दाखवत नाही. डोळे आपले, पाय आपले, आणि वर्षभरानं तोच आकडा आपल्याविरुद्ध उभा राहतो.

आम्हाला असंही दिसलं आहे (जागा सांगत नाही) की लाईन चाललीच नाही. नाक्यावर बसून मागच्या फॉर्मावरून पुढचा फॉर्म भरला. सगळेच असं करत नाहीत. काही गार्डसाहेब इतके मन लावून काम करतात की आपल्या पोरांनी त्यांच्याकडून शिकावं. पण एका माणसाला मोठं बीट, पावसात रस्ता नाही, वरून आग, अतिक्रमण, व्हीआयपी. लाईन मागं पडणारच. म्हणूनही गावाची वही पाहिजे. खोटं पकडण्यासाठीच असं नाही. दोन वह्या असल्या की दोन्ही नीट लिहिल्या जातात.

(प्रश्न, एक बाई: आम्ही जंगलात मोजायला गेलो तर गार्ड अडवणार नाही का? टेंभुर्णीच्या पानाला गेलं तरी अडवतात.)

चांगला प्रश्न. कायद्याचं कलम 5 वाचा. ज्या ठिकाणी हक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. नियम 4 मध्ये लिहिलं आहे की त्यासाठी ग्रामसभेनं आपल्यातून समिती नेमायची. म्हणजे आधी ग्रामसभा घ्या, समिती नेमा, ठराव लिहा: आमच्या पारंपरिक हद्दीत अमुक लाईनींवर आम्ही दरवर्षी जनावरांची नोंद ठेवू. ठरावाची नक्कल रेंज ऑफिसला द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय परत फिरायचं नाही. परवानगी मागणारा अर्ज लिहू नका, कळवणारं पत्र लिहा. या दोन्हीत फरक आहे. आणि पत्रातच लिहा की गार्डसाहेबांनी सोबत यावं, त्यांचं स्वागत आहे. आले तर उत्तम, त्यांची सही घ्या. चालायचं ते आपल्या हद्दीत, जिथं आपण गवताला, मोहाला, पानाला जातोच तिथं. हौसेनं कोअरच्या आत घुसून केस ओढवून घेऊ नका.

आता गावानं कसं मोजायचं. आपल्याकडं अंतर मोजायचं यंत्र नाही, कोनाचं होकायंत्र एखाद्या गावाला मिळेल. हरकत नाही. आपण सगळ्या जंगलात एकूण किती सांबर आहेत हे काढायला निघालोच नाही. ते आपल्याला जमणार नाही आणि तसा दावाही करायचा नाही. आपण एवढंच म्हणायचं: या लाईनीवर, या महिन्यात, किलोमीटरमागं इतकी दिसली. समजा दोन किलोमीटरची लाईन तीन सकाळी चाललो, म्हणजे सहा किलोमीटर झालं. नऊ सांबरं दिसली. किलोमीटरला दीड. पुढच्या साली त्याच लाईनीवर, त्याच महिन्यात, त्याच वेळेला चाललो आणि सहाच दिसली. किलोमीटरला एक. एका सालात घाबरायचं नाही. दोन-तीन सालं सारखं खाली आलं तर ग्रामसभेत बसून विचार करायचा, काय बदललं? पाणी आटलं? वणवा गेला? घाणेरी माजली? फासे लागले?

'त्याच' हा शब्द इथं सगळ्यात मोठा आहे. तीच लाईन, तोच महिना, तीच वेळ. कार्तिकात गवत छातीएवढं असतं, काही दिसत नाही. माघ-फाल्गुनात पानगळ झाली की लांबवर दिसतं. एका साली कार्तिकात आणि दुसऱ्या साली फाल्गुनात मोजलं तर जनावरं वाढली असं वाटेल, वाढलं असेल फक्त दिसणं.

आणि शून्य लिहायला शिका. आपल्या पोरांना हे जड जातं. सकाळी उठून दोन तास चालले, काही दिसलं नाही, तर वही कोरी ठेवतात. 'काय लिहू, काहीच नव्हतं.' अरे, काहीच नव्हतं हेच लिही! तारीख, वेळ, लाईन, शून्य. कोरं पान म्हणजे गेलाच नाही. शून्य म्हणजे गेला होता, आणि नव्हतं. शून्य लपवलं की हिशेब फुगतो, आणि फुगवलेला हिशेब सारिस्कासारखा एक दिवस फुटतो.

लेंड्यांबद्दल थोडं जास्त बोलू, कारण यात तुम्ही आमच्यापेक्षा हुशार आहात आणि शहरातले साहेब कच्चे. सांबराची लेंडी मोठी, चितळाची त्याहून लहान, भेकराची आणखी लहान. सशाची गोल, चपटी, गवताची. इथवर सोपं. गोंधळ पुढं आहे. रोही एकाच जागी परत परत येऊन लेंड्या टाकतं, ढीग लागतो. चौशिंग्यालाही ती सवय आहे. आपला पट्टा नेमका त्या ढिगावरून गेला तर एकाच रोह्याचे दहा होतील. म्हणून ढीग असेल तर 'ढीग' असं वेगळं लिहायचं. गव्याचं शेण आणि आपल्या म्हशीचं शेण, गावाजवळच्या जंगलात ओळखायला अनुभवी डोळे लागतात. शंका असली तर 'शंका' लिहा, गवा लिहू नका. शेळीच्या लेंडीची तीच गत. पावसात लेंड्या विरघळतात, शेणकिडे नेतात, म्हणून पावसाळ्यात आणि पहिल्या उघडिपीत लेंड्यांवर हिशेब करायचाच नाही.

हे काम बायांनी करावं असं आमचं मत आहे. पुरुष लाईन चालतो तेव्हा त्याला मोठी शिंगं दिसतात. बाया मोहाला, आवळ्याला, सरपणाला जातात तेव्हा खाली बघत चालतात. कुठं लेंडी ताजी, कुठं खूर रुतला, कुठं रानडुकरानं कंद उकरला, हे त्यांच्या बोलण्यात रोज असतं. ते बोलणं वहीत आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर सातवी-आठवीतली पोर सोबत घ्या. कोरकू नाव लिहिलं तरी चालेल, शेजारी मराठी लिहा. साहेबांना सिपना हे नदीचं नाव म्हणून माहीत असतं, सिपना म्हणजे साग हे त्यांना आपणच सांगतो ना, तसंच.

आता जरा कडू बोलायचं आहे. टेप बंद करू नका, चालू द्या.

आपली वही खरी राहायची असेल तर आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही तिच्यात यावी लागेल. शेताला रानडुकरं येतात, रोही येतं, रातोरात मका झोपवतात. भरपाईला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला माणूस येत नाही. राग येतो, खरं आहे. पण त्या रागात कुणी तारेत वीज सोडतो, आणि तारेला रानडूक लागत नाही, सांबर लागतं, बैल लागतो, कधी शेजारचं पोर लागतं. कुणी फासे लावतो. बाहेरचा व्यापारी येतो, दोनशे रुपये हातावर ठेवतो आणि पाच हजाराचा माल नेतो. केस पडते ती आपल्या पोरावर. हे गावाला माहीत असतं. ग्रामसभा जर जंगलाची मालकी सांगते तर फाशाची नोंदही ग्रामसभेनं ठेवली पाहिजे. लाईनीवर फासा दिसला, काढला, तारीख लिहिली. तेवढं लिहिलं की आपल्या वहीतल्या बाकीच्या पानांना वजन येतं.

ढोरांचंही तसंच. काही साहेब म्हणतात, ढोरं दिसली की सांबर गेलं. काही आपले लोक म्हणतात, ढोरांनी काहीच होत नाही. दोन्ही पुरतं खरं नाही. सांबर बुजरं आहे, जिथं रोज ढोरं आणि कुत्री तिथून ते सरकतं. चितळाला मोकळं गवत आवडतं, ते वस्तीच्या कडेलाही चरतं. मग कुठल्या नाल्यात ढोरं न्यायची, कुठल्या नाल्यात उन्हाळ्याचे दोन महिने न्यायची नाहीत, हे गावानं वही बघून ठरवावं. तो आपला नियम होईल, वरून आलेला नाही. आणि ढोरांना लस टोचून घ्या. पूर्वी बुळकांडीच्या साथीत देशात ठिकठिकाणी गव्यांचे कळपच्या कळप मेले. ती साथ आता गेली, पण लाळ्या-खुरकूत आहेच. ढोरांच्या तोंडचं जंगलात जातं. लस ही आपल्या दुभत्याचीही गोष्ट आहे, गव्याचीही.

(प्रश्न, एक म्हातारे बाबा: बोरी, कोहा, कुंड उठवले. आता तिथं जाऊन साहेब लोक दाखवतात, बघा किती सांबर आले, गवे आले. त्याला काय बोलायचं?)

बाबा, हे खरंच आहे, तिथं जनावरं येतात. खोटं आहे असं म्हणू नका. पण ती कशाला येतात ते विचारा. गवताला येतात. आणि तिथं गवताचं कुरण कसं झालं? तिथं पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांनी शेतं केली, जागा मोकळी ठेवली, विहिरी खणल्या, नाल्याला बांध घातला. सागाच्या दाट जंगलात सांबराला एवढा चारा कुठला? माणसानं मोकळी केलेली जमीन आहे म्हणून कुरण आहे. माणूस उठला आणि जनावर आलं, ही अर्धी गोष्ट झाली. माणूस होता म्हणून कुरण झालं, ही दुसरी अर्धी.

आणि एक तिसरा प्रश्न विचारा. त्याआधी किती होती? गाव असताना त्या जागेच्या आजूबाजूला लाईन चालून कुणी लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर दाखवा. नसेल तर 'वाढली' हा शब्द कशावरून? आपल्या गावांना आज ही संधी आहे. आपण इथं असताना काय काय चरतं ते आजच लिहून ठेवू. उद्या पैशांचा कागद घेऊन कुणी आलं – एका कुटुंबाला दहा लाख अशी योजना 2008 साली आली होती, तुम्हाला माहीत आहे – तर ज्याला जायचं असेल तो जाईल, तो त्याचा अधिकार. पण 'तुमच्यामुळं इथं जनावर उरलं नाही' असं सांगून कुणाला उठवता येणार नाही.

(प्रश्न, एक तरुण: आपण लिहिलं की इथं खूप जनावरं आहेत, तर तेच वापरून उठवतील ना? सुरुवातीला तुम्हीच म्हणालात.)

हो, म्हणालो. आणि तुझी भीती खोटी नाही. यावर आमच्यातही वाद झाला. काही जण म्हणाले, लिहूच नका, मोजूच नका, कोपऱ्यात गप्प बसा. पण गप्प बसलेल्या गावांचं काय झालं ते आपण बघितलंच आहे. गावाजवळ गवा चरतो, सांबर येतं, आणि गावही आहे, असं दहा वर्षांच्या नोंदीनं दिसलं तर कायद्यातली 'एकत्र राहणं शक्य नाही' ही अट सरकारला पुरी करता येणार नाही. एकत्र राहणं चालूच आहे, हे त्या वहीतच असेल. नुसता एका सालचा मोठा आकडा मात्र दुधारी आहे. म्हणून एका सालचा आकडा पेपरवाल्याला देऊ नका. जनावरांसोबत माणसाचीही नोंद ठेवा: त्या महिन्यात गावात किती घरं, किती ढोरं, किती मोह वेचला. दोन्ही एकाच पानावर. म्हणजे पान अर्धं फाडून कुणी वापरू शकणार नाही.

गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी अभ्यास गट करून वर्षानुवर्षं आपल्या जंगलाचा अभ्यास केला, आणि 2009 साली त्या गावाचा सुमारे 1800 हेक्टरचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्यांचं जंगल अभयारण्यात नाही, आपलं आहे, म्हणून आपलं काम जास्त अवघड. पण तिथल्या लोकांचं एक घेण्यासारखं आहे: आधी अभ्यास, मग निर्णय, आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं.

सरकारी वहीही मिळवायची आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात 'जनावरांची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. असं लिहा: अमुक बीटातल्या 2006 च्या मोजणीतील लाईनीवरचे सर्व फॉर्म, तारखांसह, चालणाऱ्यांच्या नावांसह, छायांकित प्रती. नावं मागितली की आपल्याच गावातल्या वॉचरचं नाव येईल. मग त्याला ग्रामसभेत विचारू, दादा, त्या तीन सकाळी खरंच चालला होतास का? त्याच्यावर रागवायचं नाही. त्याची नोकरी जाईल असं काही करायचं नाही. तो आपलाच आहे. आपल्याला फक्त हे जाणून घ्यायचं आहे.

काळजीची एक गोष्ट. आपली वही ग्रामसभेत वाचा, पण क्षाराच्या जागा, गव्याच्या कळपाची दुपारची बसायची जागा, पिल्लं कुठं आहेत, हे वहीत खुणेनं लिहा, मोठ्यानं सांगू नका आणि या पत्रकाकडंही पाठवू नका. पत्रक बाजारातही जातं. आम्हाला किलोमीटरचे आकडे पाठवा, जागा नको.

(प्रश्न: वही कुठली? कुणी देणार?)

शाळेची दोनशे पानी, आडव्या रेघांची, बांधणीची. सुटे कागद नकोत, सुटं पान हरवतं आणि बदलताही येतं. पानांना आधीच आकडे घाला. दर गावाला दोन वह्या, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक समितीकडं. पेनानं लिहायचं, पेन्सिलीनं नाही. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं आणि सही, खोडरबर नाही. फॉर्मचा नमुना आम्ही स्टेन्सिल कापून छापला आहे, जाताना प्रत्येक ढान्यानं पाच-पाच घ्यावेत. चालायला सुरुवात माघात, पानगळ लागल्यावर, आणि त्याआधी एक रविवार सगळ्या समित्यांनी एकत्र येऊन लाईन आखायची, चुन्याची खूण नको, झाडावर घाव तर अजिबात नको, दगडांची रास पुरे. ज्या गावांची ग्रामसभा अजून झाली नाही त्यांनी नावं इथं बसलेल्या ताईंकडं द्या. जेवण तयार आहे.